पूर ओसरला की गिअर ऑइल

गाडीचे गिअर ऑइल केव्हा बदलायचे? कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटरचा आकडा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मात्र हा हिशेब मी नदीनाल्यांवरून करतो.

दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत सुरू केली. खेडोपाडी, रानावनात पुढे जीपच पोहोचली. चारही चाकांना जोर मिळावा म्हणून तिला गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढे-मागे डिफरन्शियल. म्हणजे तेल तपासायच्या जागा चार!

आता आपला मुलूख पाहा. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात तिथली वाट बंद होई. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तरी पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत राहिला. पाणी उतरताच गाड्या निघतात, त्यात कुणी पेशंटही असतो. धावून तापलेले डिफरन्शियल नाल्यात एकदम थंड पडते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सैल सील पाणी ओढून घेते. मग तेल दुधाच्या चहासारखे दिसते. अशा तेलावर बेअरिंग गंजतात, दाते झिजतात आणि गाडी नेमकी दोन नाल्यांच्या मध्ये बसते. तेल दुधाळ दिसले की किलोमीटर मोजत बसू नये, त्याच दिवशी बदलावे.

गाडी थोडी चालवून सपाट जागी उभी करावी. कोमट तेल लवकर उतरते. आधी भरायचा प्लग उघडावा, मगच खालचा. वरचा गंजून अडकला आणि खालून तेल सोडून दिले, तर गाडी तिथेच राहते! प्लगच्या चुंबकावर बारीक भुकटी चालेल, लोखंडाचे तुकडे आले तर मिस्त्री गाठावा. नवे तेल भरायच्या तोंडाशी ओघळले की पुरे.

ऑटोमॅटिक गाडीचे तेल निराळे. जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रा-मॅटिक आणला. अशा गिअरबॉक्सच्या तेलात पूर्वी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. तो देवमासा वाचवण्यासाठी अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबवले, आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. त्यामुळे पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालावे, जीपचे जाड तेल त्यात चालत नाही. काही गाड्यांचे हे तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणून विकतात. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात मी तरी त्यावर विसंबत नाही. तेलाला करपट वास आला की बदलून घेतो.