हॅम रेडिओवर एएममधला आवाज का फाटतो? स्पष्ट आवाजासाठी काय करावे?

वाशी, नेरूळ, खारघर अशा दाटीच्या वस्तीत हॅम रेडिओ चालवताना एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर आणि लिफ्ट यांची खरखर सतत ऐकू येते. समोरच्या ऑपरेटरच्या घरीही बहुतेक तेच असते. त्या खरखरीतून आपले बोलणे कळायचे, तर नुसती ताकद पुरत नाही, आवाजही नीट असावा लागतो.

एएम म्हणजे काय?

एएममध्ये मूळ रेडिओलहरीची उंची आपल्या आवाजानुसार कमी-जास्त होते. या मूळ लहरीला कॅरिअर म्हणतात. बोलणे मात्र तिच्या दोन्ही बाजूंच्या साइडबँडमध्ये असते. एकसुरी आवाजाचे मॉड्युलेशन १०० टक्के असेल, तर दोन्ही साइडबँडची मिळून शक्ती कॅरिअरच्या निम्मी असते. मॉड्युलेशन ५० टक्क्यांवर आले की ती जेमतेम साडेबारा टक्के उरते. म्हणूनच कधी कधी मीटरवर सिग्नल जोरदार दिसतो, पण बोलणे पुसट येते.

याउलट मॉड्युलेशन १०० टक्क्यांपुढे गेले, की कॅरिअर क्षणभर तुटतो. आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांनाही त्रास होतो.

आवाज कसा सुधारावा?

१. कॅरिअर कमी ठेवा. पूर्ण मॉड्युलेशनला शिखरावरची शक्ती कॅरिअरच्या चौपट होते. त्यामुळे १०० वॉटच्या सेटवर कॅरिअर २५ वॉटच्या आसपास ठेवावा.

२. आधी पंखा बंद करा. माइक तोंडापासून चार-पाच बोटे दूर, किंचित तिरका धरा. कॉम्प्रेसर जास्त लावला, तर दोन शब्दांच्या मध्ये पंख्याचीच घरघर पुढे येते.

३. माइक गेन हळूहळू वाढवा. एएलसीचा काटा जेमतेम हलावा. बोलताना सरासरी शक्ती खाली जात असेल, तर सेटिंग चुकले आहे.

४. आवाजाचा पट्टा मर्यादित ठेवा. बोलणे समजण्यासाठी साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ पुरेसे असतात. एएम सिग्नल त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ६ किलोहर्ट्झ जागा घेतो.

५. अँटेना जवळ असेल तर सांभाळा. फ्लॅटमध्ये अँटेना अनेकदा बाल्कनीतच असते. तिची ऊर्जा माइकच्या वायरमध्ये शिरली की आवाज घोगरा होतो किंवा शिट्टी येते. वायरवर फेराइट कोअर बसवावा आणि शक्य असल्यास अँटेना दूर न्यावी.

खात्री कशी करावी?

सेटला अँटेनाऐवजी डमी लोड जोडा. दुसऱ्या रिसीव्हरवर, हेडफोन लावून, स्वतःचा आवाज ऐका आणि रेकॉर्ड करा. ऑसिलोस्कोप असेल तर कॅरिअर तुटतो का, हे डोळ्यांनी दिसते. त्यानंतरच बँडवर जाऊन एखाद्या जाणत्या हॅमकडून रिपोर्ट घ्यावा.

भारतात हॅम रेडिओवरून प्रक्षेपण करण्यासाठी परीक्षा आणि केंद्र सरकारचा परवाना आवश्यक आहे.