गारुड्याची टोपली आणि काचेची पेटी



गेल्या उन्हाळ्यात पुण्यास शिकणारा माझा नातू सुट्टीसाठी सोलापुरास आला होता. एके संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून आम्ही बाजेवर बसलो असता तो सहज म्हणाला, "आजोबा, मला एक साप पाळायचा आहे. बोआ. बिनविषारी असतो." मी म्हणालो, "मीही पाळला होता. आठ दिवस." त्यास ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. परंतु त्या आठ दिवसांची हकीकत सांगण्यापूर्वी हा बोआ कोण, तो आमच्या बोलण्यात कोठून आला व सापास घरात ठेवण्याची चाल आपल्याकडे कशी होती, हे पाहणे अवश्य आहे. शिक्षकाची सवय जात नाही, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

बोआ हा शब्द फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे की, इटलीत बोआ नावाचे मोठे साप असून ते गाईचे दूध चोखून पितात, व गाईस लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच त्यांचे हे नाव पडले. क्लॉडियस बादशहाच्या कारकीर्दीत व्हॅटिकन टेकडीवर असा एक साप मारला असता त्याच्या पोटात अखंड मूल सापडले, असेही तो सांगतो. हे वाचून मला मोठी मौज वाटली. कारण धामण रात्री गोठ्यात शिरते, गाईच्या पायास विळखा घालते आणि दूध पिऊन जाते, ही गोष्ट आमच्या मोहोळ-माढ्याकडील प्रत्येक म्हातारी शपथेवर सांगते. वस्तुतः सापाच्या तोंडाची घडणच अशी नाही की त्याने काही चोखून प्यावे. पण रोमची म्हातारी आणि मोहोळची म्हातारी यांचे या बाबतीत दोन हजार वर्षे एकमत आहे!

पुढे १७५८ साली स्वीडनच्या लिनियस या पंडिताने सर्व प्राण्यांस जोडनावे दिली. त्यात एका मोठ्या सापास 'बोआ कॉन्स्ट्रिक्टर' म्हणजे आवळणारा बोआ हे नाव मिळाले. त्याचे निवासस्थान म्हणून लिनियसने 'इंडीज' असे मोघम लिहिले आणि ते चुकीचे होते, हे मागाहून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हा साप दक्षिण व मध्य अमेरिकेचा. आपल्या देशाच्या रानात तो कधीच नव्हता. परंतु नावाचा घोळ व्हावयाचा तो झालाच. पूर्वेकडे आलेले इंग्रज आपल्या अजगरालाही बेधडक बोआ म्हणू लागले. १८१७ साली 'अल्सेस्ट' नावाचे इंग्रजी लढाऊ जहाज सुमात्र्याजवळ खडकावर आपटून फुटले. त्यातील लोक बटाव्हियाहून 'सीझर' नावाच्या जहाजाने स्वदेशी निघाले, तेव्हा त्या जहाजावर बोर्निओतला सुमारे १६ फूट लांबीचा एक साप पिंजऱ्यात घालून नेला जात होता आणि त्याच्या भक्ष्यासाठी बकऱ्या चढविल्या होत्या. अल्सेस्टवरील वैद्य मॅक्लिऑड याने त्याचे सविस्तर वर्णन लिहिले असून तो त्यास बोआच म्हणतो. तो होता अजगर. सेंट हेलेना बेट येण्यापूर्वीच बिचारा मेला.

अजगर व बोआ यांत भेद कोणता, असे कोणी विचारील. मुख्य भेद असा की, अजगराची मादी अंडी घालते, त्यांभोवती वेटोळे करून बसते व अंग थरथरवून त्यांस ऊब देते. बोआची मादी जिवंत पिले प्रसवते. दोघेही भक्ष्य आवळून मारतात. श्वास कोंडून भक्ष्य मरते असे मीही वर्गात पुष्कळ वर्षे शिकविले, ते आता मागे घेतले पाहिजे. २०१५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले की, बोआच्या विळख्याने काही क्षणांतच रक्ताचे अभिसरण थांबते आणि उंदीर मरतो तो त्यामुळे.

अजगर आपल्यास परका नव्हे. अज म्हणजे बकरा. त्यास गिळणारा तो अजगर. महाभारताच्या वनपर्वात भीमास विळख्यात धरणारा अजगर हा शापित नहुष राजा असतो व धर्मराज त्याच्या प्रश्नांस उत्तरे देऊन भावास सोडवितो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत अजगरही आहे; मिळेल तेवढ्यावर संतुष्ट राहावे, हे त्याच्यापासून शिकावयाचे. याच स्कंधावर एकनाथमहाराजांनी १५७३ साली काशीत आपली टीका पुरी केली, त्यामुळे हा गुरू मराठी घरोघर पोहोचला. पण त्यास गुरू केले म्हणून घरी आणून खुंटीस टांगावे, असे अवधूताने कोठे म्हटलेले नाही.

ते काम गारुड्याचे. गारुडविद्या ही मुळात विष उतरविण्याची मंत्रविद्या. गरुड हा सर्पांचा वैरी, म्हणून हे नाव. मंत्र सांगणारा मागे पडला आणि पुंगी वाजविणारा गारुडी तेवढा उरला. नागाचे विषदंत उपटून, पुष्कळदा त्याचे तोंडही शिवून, तो नागपंचमीस दारोदार हिंडे आणि आयाबाया त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवीत. पुढे तो नाग उपाशी मरे. हे पूजेला आलेल्यांस दिसत नसे, किंवा पाहावयाचे नसे.

सोलापुरास गारुड्यांचा मोठा हंगाम म्हणजे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. १९७१ सालच्या संक्रांतीची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. वडील मागावर काम करीत आणि यात्रेसाठी त्यांनी मला दीड रुपया दिला होता. एका गारुड्याने टोपली उघडून तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, हातभर लांबीचा एक जाडसर प्राणी मातीवर सोडला आणि सांगितले की याला दोन तोंडे असून सहा महिने हा इकडून चालतो व सहा महिने तिकडून. ते होते मांडूळ. दोन्ही टोकांस तोंड मला स्पष्ट दिसले. सव्वा रुपयास मी ते विकत घेतले आणि उरलेल्या पैशांची लाही-बत्तासेही न घेता धावत घरी आलो.

रॉकेलच्या रिकाम्या डब्यात वाळू घालून मी त्यास ठेवले. वाटीत दूध ठेवले, ते नासले. आईने ओरडून घर डोक्यावर घेतले, पण वडिलांनी डबा फेकू दिला नाही. पाचव्या दिवशी मी पिंजऱ्यातला उंदीर त्यात सोडला. मांडूळ हलले नाही. मग धीर करून मी त्यास हातात घेतले आणि मागचे तोंड निरखून पाहिले. ते तोंड नव्हतेच. शेपटीचे बोथट टोक तापल्या सळईने डागून तोंडाची रेघ व दोन डोळे केलेले होते, आणि ती जखम चिघळली होती. आठव्या दिवशी ते मेले.

हा प्राणी कोण, हे मला पुढे पंचवीस वर्षांनी समजले. मांडूळ हे बोआच्याच गोत्रातले. तेही पिले प्रसवते, तेही आवळून मारते, आणि उंदीर हेच त्याचे अन्न. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील पॅट्रिक रसेल या वैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवर मोठा सचित्र ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध केला. १८०१ साली त्यानेच मांडुळास शास्त्रीय नाव दिले आणि ते तरंगमबाडी येथील जॉन नावाच्या मिशनऱ्याच्या सन्मानार्थ दिले. आपल्या घोणसाच्या इंग्रजी नावात जो रसेल येतो तोही हाच. मांडुळाची शेपटी डोक्यासारखी का, याचे उत्तर सोपे आहे. संकट आले की ते डोके अंगाखाली लपविते व शेपूट पुढे करते; घाव बसला तर शेपटीवर बसावा. ज्या युक्तीने ते लांडग्या-मुंगसापासून वाचते, त्याच युक्तीने ते गारुड्याच्या हाती सापडले.

येथे एक धोका सांगून ठेवतो. मांडुळाचा एक भाऊबंद आहे, डुरक्या घोणस. अंग खरखरीत, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे, विष नाही. अजगराचे पिल्लूही पट्ट्या-ठिपक्यांचेच. आणि खरी घोणस, जिच्या दंशाने दरवर्षी आपल्या शेतांत माणसे मरतात, तिच्या अंगावर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी असतात व ती कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार सोडते. 'अजगराचे पिल्लू आहे' म्हणून घोणस उचलणारे आजही निघतात. तेव्हा ओळख पटली असे वाटले, तरी हात लावू नये.

माझे मांडूळ मेले त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. गारुड्याची टोपली हळूहळू बेकायदा ठरली. सापाविषयी नवी दृष्टी देणारी माणसेही त्याच सुमारास पुढे आली. हाफकिन संस्थेतील डॉ. देवरस यांनी भारतातील सापांवर लिहिलेले पुस्तक १९६५ साली निघाले होते. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे हे ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत बसले, तेव्हा वृत्तपत्रांनी रकाने भरले. १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान झाले. पुढे गावोगाव सर्पमित्र निर्माण झाले. हे सर्व चांगलेच. परंतु ज्या गारुड्यांची पोटे त्या टोपलीवर होती, त्यांचे काय झाले हे फारसे कोणी विचारले नाही. तमिळनाडूत इरुला जमातीच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ साली निघाली आणि लस करण्यासाठी विष काढून देण्याचे काम त्यांस मिळाले. आमच्याकडे तसे घडले नाही, याची मला खंत वाटते. सव्वा रुपयास फसविणाऱ्या त्या माणसावरील माझा राग केव्हाच गेला आहे.

खरे फसविणारे मागाहून आले. मांडूळ घरात ठेवले की गुप्तधन सापडते, अमुक वजनाच्या मांडुळास परदेशी कोट्यवधी रुपये मिळतात, त्यापासून दुर्धर रोगावर औषध होते, अशा अफवा उठल्या आणि सोलापूर जिल्ह्यासह साऱ्या महाराष्ट्रात मांडुळांची चोरटी धरपकड सुरू झाली. यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बैलजोडी विकून अशा एका मांडुळात भागी घेतली. खरेदीदार आलाच नाही. वनखात्याचे लोक आले. पोराची शाळा त्या वर्षी सुटली. तो सातवीत होता आणि त्याचे गणित उत्तम होते.

आता नातवाच्या बोआकडे येतो. आपल्या रानातला कोणताही साप पाळणे गुन्हा आहे. बोआ परदेशी, म्हणून त्याची वाट निराळी. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला व १९७६ साली भारत त्यात सामील झाला. बोआ त्या कराराच्या यादीत आहे. तरी असे प्राणी घरोघर किती आहेत याची सरकारदरबारी नोंद नव्हती. २०२० सालच्या जूनमध्ये केंद्र सरकारने लोकांस स्वेच्छेने माहिती देण्यास सांगितले. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम निघाले. प्राणी कोठून आला, त्यास पिले झाली, तो मेला, दुसऱ्यास दिला, हे सारे कळवावे लागते. नातवास मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखे." तसेच.

कागदापेक्षा साप अवघड. बोआ सहा-सात फूट सहज वाढतो व नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगतो. नातवाचे वय एकोणीस. म्हणजे त्याची मुले महाविद्यालयात जातील तेव्हाही तो साप पेटीत असेल. त्यास ऊब लागते, पण दमट हवाही लागते. आणि मे महिन्यात आमच्या सोलापुरात पारा ४४ अंशांवर गेला की पितळेचे भांडे अंगणात हात लावू देत नाही. कंटाळा आला म्हणून सोडून द्यावा म्हटले, तर अरूबा बेटाचे उदाहरण समोर आहे. तेथे बोआ मूळचा नाही. १९९९ साली तेथे पहिला बोआ आढळला, आणि आता त्याने तेथे कायमचे ठाण मांडले असून पक्षी व सरडे फस्त करीत आहे.

मृग लागल्यावर आम्ही दोघे शेतावर गेलो. बांधाची माती ओढताना खरोखरच एक मांडूळ निघाले. त्याने लगेच डोके मातीत खुपसले व शेपूट वर केली. नातवाने विचारले, "तोंड कोणते?" मी म्हणालो, "थांब, जीभ कोठून निघते ते पाहा." पाच मिनिटे आम्ही उकिडवे बसून राहिलो. जीभ दिसली, आणि मग ते हळूहळू उंदराच्या बिळात उतरले. शेपटीवर डाग नव्हता.

नातू आता पुण्यास परत गेला आहे. नोंदणीचा अर्ज त्याने अद्याप केलेला नाही. काचेच्या पेटीची किंमत मात्र विचारून ठेवली आहे, असे त्याच्या आईकडून कळते.