पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा : आंतरराष्ट्रीय स्थलांतर

पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या या औद्योगिक पट्ट्यात पोटापाण्यासाठी येणारे बहुतेक लोक देशातलेच : मराठवाडा, खानदेश, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये १०.१२ लाख होती, ती २०११ मध्ये १७.२७ लाख झाली. त्यात त्यांचा वाटा मोठा. देशाची सीमा ओलांडून आलेले थोडे. जगाचे चित्रही फारसे वेगळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे सुमारे ३०.४ कोटी होते, म्हणजे लोकसंख्येच्या ३.७ टक्के.

सीमेपलीकडून आलेला पहिला मोठा लोंढा कारखान्यांच्याही आधीचा. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून परागंदा झालेल्या कुटुंबांसाठी पिंपरीत छावणी उभी राहिली. शेतजमिनी, पेढ्या मागे टाकून आलेल्या या लोकांनी दुकानदारीवर पुन्हा बस्तान बसवले. पिंपरी कॅम्पची बाजारपेठ आजही गजबजलेली असते, आणि चेटीचंडला तेथे झुलेलालची मिरवणूक निघते. सक्तीने आलेले हेच लोक येथे कायमचे राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे.

पुढच्या काळात माणसे आली ती यंत्रांच्या मागोमाग. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. साठच्या दशकात दापोडी-चिंचवड भागात स्वीडिश कंपन्यांनी पाय रोवले. मर्सिडीज-बेंझने नव्वदच्या दशकात टेल्कोच्या जोडीने पिंपरीत जुळणी सुरू केली; २००९ मध्ये ती चाकणला गेली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखानाही त्याच वर्षीचा.

अशा कारखान्यातला परदेशी तज्ज्ञ क्वचितच स्थायिक होतो. नवी प्रेस लाइन आली की तिच्याबरोबर जर्मन, जपानी किंवा कोरियन अभियंता येतो. ट्रायल उत्पादन जमले, स्थानिक मेंटेनन्सवाले तयार झाले की परततो. मुक्काम १८० दिवसांहून लांबणार असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. मुख्य कार्यालयाने नेमलेले व्यवस्थापक दोन-चार वर्षे राहतात. यास स्थलांतर म्हणण्यापेक्षा लांबलेली बदली म्हणणे अधिक बरोबर.

उलट दिशेची वाट त्याच कंपन्यांमधून जाते. डिझाइनचा अभियंता प्रशिक्षणाला किंवा ‘ऑनसाइट’ म्हणून जातो आणि कधी तिकडचाच होतो. आयटीआय झालेल्या फिटर-इलेक्ट्रिशियनला मात्र ती वाट सहसा बंद असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी करार केला. मर्सिडीजचे मुख्यालय असलेले श्टुटगार्ट हीच त्या राज्याची राजधानी. करारात परिचारिकांबरोबर चालक व इलेक्ट्रिशियनही येतात. अडथळा उरतो तो जर्मन भाषेच्या परीक्षेचा व येथल्या प्रमाणपत्राला तिकडे मान्यता मिळण्याचा.