संपादकांची बैठक आणि आमची सव्वीस किलो रद्दी



मागचा वीकांत घरी, म्हणजे संभाजीनगरला काढला. (आमच्या आबांच्या तोंडी शेवटपर्यंत 'औरंगाबाद'च होतं. जुन्या काळाबद्दल लिहिताना तेच नाव येईल, सांभाळून घ्या.) शनिवारी दुपारी लाइट गेली, पंखा बंद, झोप उडाली. मोबाईलवर वाचता वाचता एका बैठकीचा वृत्तांत हाती लागला आणि त्या वृत्तांतामुळे आमच्या घरातली एक जुनी चूक परत आठवली. ती शेवटी सांगतो. आधी बैठक.

१९ मे २०२२. स्थळ व्हॅटिकन, पोपसाहेबांचं खासगी ग्रंथालय. हजर कोण, तर युरोपातल्या दहा जेसुइट नियतकालिकांचे संपादक. जेसुइट म्हणजे येशूसंघ हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ, आणि तेव्हाचे पोप फ्रान्सिस स्वतः त्याच संघातले. त्यांनी भाषण वगैरे तयार केलं नव्हतं. तुम्ही विचारा, मी बोलतो, असा मामला. दहातले तीन संपादक धर्मगुरू नव्हते आणि त्या तिघांत दोघी बायका होत्या. युक्रेनच्या युद्धापासून तरुण मुलांपर्यंत सगळे विषय निघाले. संपादकांना त्यांनी दिलेला सल्ला मात्र मला फार आवडला. नुसत्या कल्पनांवर चर्चा घडवून भागत नाही, समोरची खरी माणसं आणि खरी परिस्थिती पारखून घ्यावी लागते, असा त्याचा मथितार्थ.

आता तुम्ही म्हणाल, ह्याचा आपल्याशी काय संबंध? मलाही आधी तेच वाटलं. पण मग विचार आला, अशीच एक बैठक मराठीची भरवायची म्हटली तर खुर्च्या कोणाकोणाच्या मांडाव्या लागतील? लाइट काही येत नव्हती, त्यामुळे यादी करत बसलो.

पहिली खुर्ची संघाच्या संस्थापकाची, इग्नेशियस लोयोला यांची. संघ स्थापन झाला १५४० साली आणि लगेच माणसं जगभर पांगली. फ्रान्सिस झेवियर तर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात पोचले होते. एवढी विखुरलेली टीम एकत्र ठेवायची कशी? पत्रांनी. इग्नेशियस यांची जवळपास सात हजार पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यातलं १५४२ सालचं एक तर आपल्या प्रत्येक मॅनेजरने भिंतीवर लावावं असं आहे. त्यात ते सहकाऱ्याला बजावतात की मुख्य पत्र असं लिहा की ते कोणालाही दाखवता येईल. एकदा लिहा, वाचा, दुरुस्त करा, परत लिहा. घरगुती कुरबुरी, आजारपणं, तक्रारी हव्या तर वेगळ्या कागदावर. मी स्वतः मुख्य पत्र दोनदा लिहितो, हेही ते सांगतात.

थोडक्यात, क्लायंटला जाणारा मेल वेगळा आणि टीममधला वेगळा! गंमत सोडा, पण संपादन म्हणजे दुसरं काय असतं? लोकांपुढे काय ठेवायचं, काय मागे ठेवायचं, आणि ठेवायचं ते दोनदा तपासून ठेवायचं.

बॅकअपची सोयही होती. गोव्याहून लिस्बनला जहाज पोचायला सहा महिने किंवा जास्तही लागत, आणि वाटेत बुडालं तर बुडालं. म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायचे.

दुसरी खुर्ची गोव्याच्या छापखान्याची. १५५६ साली पोर्तुगालहून निघालेला हा छापखाना खरं तर अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचा होता. तो गोव्यात राहिला आणि जेसुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात बसवला गेला. भारतातली छपाई इथून सुरू झाली.

ह्याच गोव्यात १५७९ साली एक इंग्रज जेसुइट उतरला, थॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्यांचं नाव 'क्रिस्तपुराण'कार म्हणून येतं. आपल्या संतांच्या ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी बायबलची कथा सांगितली. हे पुराण १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला, ज्याला राशोल म्हणतात तिथे, छापलं गेलं. आणि छापलं रोमन लिपीत!

मराठी ओव्या रोमन लिपीत का? शाळेत मला वाटायचं, परक्यांची हौस, दुसरं काय. पण स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पाठवलेलं पत्र वाचलं आणि जीभ चावली. त्यात ते लिहितात की ह्या प्रांतात इथल्याच भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापलेली बघायची माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे. दक्षिणेत मलबारकडे तसं झालंही होतं. १५७८ साली कोल्लमला हेन्रिक हेन्रिकेस ह्या जेसुइटाचं तमिळ पुस्तक तमिळ खिळ्यांनी छापलं गेलं होतं. मग इथे अडलं कुठे? एक अडचण वरिष्ठांच्या हुकमाची. आणि दुसरी, युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे सहाशेच्या आसपास लागतील!

सहाशे. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. ज्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप केलंय, एका मशीनवरची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं बघितलीयेत, त्यांना हा आकडा ऐकून पोटात कालवेल. आपली युनिकोडची रडगाणी चारशे वर्षं जुनी आहेत, मंडळी. त्या माणसाला लिपी हवी होती. साचे मिळाले नाहीत, म्हणून रोमनमध्ये काम भागवलं. स्टीफन्स १६१९ साली गेले. पुराण १६४९ आणि १६५४ मध्ये परत छापलं गेलं.

आणि मग सगळं बंद पडत गेलं. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी आणली. १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून जेसुइटांनाच हाकललं. १७७३ मध्ये तर पोपनेच अख्खा संघ विसर्जित केला, तो परत उभा राहिला १८१४ साली. म्हणजे छापखाना गेला, भाषेला मनाई झाली, लेखकाची संस्थाही गेली. 'क्रिस्तपुराणा'च्या त्या तीन आवृत्त्यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही.

मग पुराण वाचलं कसं? लोकांनी हाताने उतरवून घेतलं. गोव्यातून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी वह्या जपल्या, घरात वाचून दाखवल्या, वह्या जीर्ण झाल्या तशा नवीन लिहिल्या. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते परत छापलं. लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखितही सापडलं. देवनागरीत छापील पुस्तक यायला मात्र १९५६ साल उजाडलं. ते पुण्याला शांताराम बंडेलू यांनी काढलं. १६०८ ची इच्छा १९५६ मध्ये पुरी झाली. हिशोब तुम्हीच करा.

इथे मला ह्या बैठकीचा खरा मुद्दा सापडला. छापखाना मालकाचा असतो, संस्था संस्थापकाची असते. मजकूर मात्र टिकतो तो वाचकाच्या घरात. संपादक गेल्यावर त्याचं काम पुढे नेणारा शेवटचा माणूस वाचकच.

तिसरी खुर्ची आपल्या अगदी जवळची. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) राहुरी तालुक्यात केंदळ नावाचं गाव आहे. तिथे १९०३ साली फादर हेन्री डोरिंग ह्या जर्मन जेसुइटाने 'निरोप्या' नावाचं मराठी मासिक सुरू केलं. अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनचं 'ज्ञानोदय' नगर शहरात १८४२ सालीच सुरू झालं होतं. पण खेड्यातल्या कॅथलिक मराठी माणसासाठी, त्याला कळेल अशा भाषेत, एका खेड्यातून मासिक काढायचं म्हणजे धाडसच. त्याच काळात मुंबईत फादर अर्नेस्ट हल हे इंग्रज जेसुइट 'एक्झामिनर' ह्या साप्ताहिकाचे संपादक होते, १९०२ ते १९२४. त्यांचा वाचक इंग्रजी वाचणारा शहरी. डोरिंग यांचा वाचक शेतकरी, शेतमजूर, गावचा मास्तर.

डोरिंग यांच्या नशिबात केंदळ फार काळ नव्हतं. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. पुढे पहिलं महायुद्ध, जर्मन माणूस ब्रिटिश राज्यात नकोसा झाला. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक कुठे व्हावी, तर जपानात, हिरोशिमाला! १९२७ मध्ये ते पुण्याला परत आले. हा माणूस अर्धं जग फिरला, पण त्याने सुरू केलेलं मासिक त्याच्यासोबत गेलं नाही. ते इथेच राहिलं, एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. पुढे मराठी फादर त्याचे संपादक झाले, कारभार पुण्याच्या शनिवार पेठेतल्या स्नेहसदनात आला. २००३ साली 'निरोप्या'ला शंभर वर्षं झाली. आमच्याकडे एक माणूस नोटीस पीरियडवर गेला तरी हँडओव्हरच्या नावाने बोंब असते, म्हणून मला ह्याचं जास्तच कौतुक.

आता औरंगाबाद. गोदावरीच्या पलीकडे नगर, इंग्रजांचं राज्य, तिथे जर्मन जेसुइट. अलीकडे गंगापूर-वैजापूर, निजामाचं राज्य, आणि इकडे आले ते जेसुइट नव्हते, फ्रान्सलियन होते. घोगरगावचे फ्रेंच फादर गुरियन जाकिये त्यांच्यातलेच. ह्या संघाची शाळा आपल्या जालना रोडवर आहे, सेंट फ्रान्सिस डी सेल्स. मी त्या शाळेचा नाही, पण तिच्यावरून हजारदा गेलोय. ते फ्रान्सिस डी सेल्स कोण? पॅरिसला जेसुइटांच्या कॉलेजात शिकलेले बिशप. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोक प्रवचनाला येईनात, म्हणून ह्यांनी पत्रकं लिहून घरोघर दारांच्या फटीतून सरकवली. १९२३ साली पोपने त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत जाहीर केलं. म्हणजे संपादकांची बैठक कुठे भरवायची, हा प्रश्नच मिटला! जागा आमच्या गावात तयार आहे.

तर आता ती चूक.

आमचे आबा गंगापूर तालुक्यात मास्तर होते. त्यांचे एक ख्रिस्ती सहकारी होते, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. गुरुजींचा 'निरोप्या' वाचून झाला की आबांकडे यायचा, आणि आबांचे दिवाळी अंक गुरुजींकडे जायचे. बरीच वर्षं हे चाललं. आबा वाचताना पेन्सिलने समासात लिहायचे. कुठे शब्दाचा अर्थ, कुठे 'हे पटत नाही', कुठे नुसतंच 'वा'. गुरुजी गेल्यावर अंक परत मागायला कोणी आलं नाही. ते आमच्या माळ्यावर राहिले.

आबा गेल्यावर जुनं घर विकलं, फ्लॅटमध्ये आलो. माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे होतं. आई म्हणाली, एकदा बघून घे. मी कानात इयरफोन घालून कॉलवर होतो. रद्दीवाल्याने काटा लावला, सव्वीस किलो. मी पैसे न मोजताच खिशात टाकले.

त्यात 'निरोप्या'चे किती अंक होते, मला माहीत नाही. अंकांच्या प्रती दुसरीकडे कुठेतरी असतीलही. पण आबांनी समासात लिहिलेलं कुठेच नाही. त्याची एकच प्रत होती. किनाऱ्यावरच्या त्या माणसांनी अकरा हजार ओव्या हाताने उतरवून काढल्या आणि मला एक गठ्ठा उघडून बघायला दहा मिनिटं नव्हती.

असो. लाइट आली तेव्हा पाच वाजले होते. आईला विचारलं, गुरुजींच्या घरचं कोणी गंगापूरला आहे का अजून? म्हणाली, सून असते. पुढच्या वीकांताला जाऊन येणार आहे. त्यांच्या माळ्यावर आबांचे दिवाळी अंक असतील तर त्यांच्या समासातही पेन्सिल असणार.

तुमच्या घरी माळा असेल तर तुम्हीही एकदा चढा. काटा लागायच्या आधी.