भूक हा दैवाचा नव्हे, हक्काचा प्रश्न

भिवंडी तालुक्यातील दापोडे आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. याच ठाणे जिल्ह्यात तेव्हा असलेल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, १९९२-९३ साली आदिवासी बालके कुपोषणाने दगावली. मुंबईला लागून असलेल्या जिल्ह्यात ही मुले अन्नाला का मुकली?

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत होती आणि देशातून धान्याची निर्यात चालूच होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवले, की बाजारात धान्य असले तरी ते मिळवण्याची ऐपत नसलेला माणूस मरतो.

आपल्या समाजाला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. गावकीची कामे करून वर शिळे तुकडे मागायचे, ही वतनाची रीत होती. मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. १९३७ साली त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. स्वाभिमान आणि जमीन यांची लढाई त्यांनी वेगळी मानली नाही.

तोच वारसा घेऊन दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला. भूमिहीनांना पडीक जमीन, किमान वेतन, धान्याचे पुरेसे वाटप आणि महागाईला आळा, या त्याच्या मागण्या होत्या. लाखो लोक तुरुंगात गेले.

२०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला. पण रेशन कार्डावर पोट भागवणे आणि जमीन-मजुरीचा हक्क मिळवणे यांत फरक आहे. म्हणून तरुण मित्रांनो, रेशनसाठी भांडूच, पण १९६४ च्या मागण्याही पुन्हा हाती घेऊ.

जय भीम!