बिळातला कुत्रा आणि दारातला कुत्रा

ज्या मराठी घरांत एके काळी ग्रामोफोन होता, त्या घरांनी टेरियर कुत्रा पाहिलेला आहे. कर्ण्यासमोर मान किंचित कलती करून बसलेला, काळ्या कानांचा तो पांढरा कुत्रा नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या असंख्य तबकड्यांवर गरगर फिरला. त्याचे नाव निपर. १८८४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तो जन्मला आणि १८९५ साली वारला. फ्रान्सिस बरॉड या चित्रकाराने त्याच्या मृत्यूनंतर त्याचे चित्र रंगवले व १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांना दात लावण्याच्या खोडीवरून त्याला हे नाव पडले होते. मात्र तो नेमका कोणत्या जातीचा, याबद्दल आजही एकमत नाही. कोणी त्याला फॉक्स टेरियर म्हणतो, कोणी जॅक रसेल, तर कोणाला त्याच्यात बुल टेरियरचा अंश दिसतो. जगात सर्वाधिक ओळखल्या गेलेल्या टेरियरची जात निश्चित सांगता येऊ नये, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. कुत्र्याची 'जात' म्हणजे काय आणि ती कोण ठरवतो, हा या लेखाचा विषय आहे.

टेरियर हा शब्द मुळात जातीचा नव्हे, कामाचा. लॅटिनमध्ये 'टेरा' म्हणजे भूमी. त्यावरून फ्रेंचमध्ये बिळात शिरणाऱ्या कुत्र्याला नाव मिळाले आणि ते इंग्रजीत आले. शिकारी कुत्र्यांचा जथा कोल्ह्याच्या मागे धावतो. कोल्हा बिळात शिरला की त्या मोठ्या कुत्र्यांचा इलाज चालत नाही. तिथे टेरियर सोडायचा. त्याने बिळात शिरून, भुंकून, कोल्ह्याला बाहेर काढायचे किंवा एका जागी रोखून धरायचे, म्हणजे वरची माणसे आवाजाच्या रोखाने खणू शकतात. अरुंद छाती, राठ केस, भक्कम जबडा, अंधारात एकट्याने निर्णय घेण्याचा हट्टी स्वभाव ही टेरियरची सारी लक्षणे या एका कामातून आलेली आहेत. (येथे 'कोल्हा' हा शब्द आम्ही नाइलाजाने वापरत आहोत. आपला कोल्हा निराळा. इंग्लंडातील त्या प्राण्याचा आपल्याकडील आप्त म्हणजे खोकड.)

या कुत्र्याची पहिली महत्त्वाची शास्त्रीय नोंद एका वैद्याने केली. केंब्रिजच्या एका महाविद्यालयाला ज्याचे नाव मिळाले आहे, त्या जॉन कायसने स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर याच्यासाठी इंग्लंडातील कुत्र्यांचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिले. ते १५७० साली छापले गेले आणि १५७६ साली अब्राहम फ्लेमिंगने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. कायसने कुत्र्यांची वर्गवारी केली ती वंशावरून नव्हे, तर कामावरून. वास काढणारे, नजरेने पाठलाग करणारे, बिळात शिरणारे, मेंढरे राखणारे, मांडीवर बसणारे. या यादीच्या तळाशी चाकात धावून चुलीवरचा मांसाचा गज फिरवत ठेवणारा कुत्राही आहे. पुढे गज फिरवण्याची यंत्रे आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो कुत्रा नाहीसा झाला. त्याच्यासाठी क्लब स्थापन झाला नाही, त्याची वंशावळ कोणी लिहिली नाही. काम संपले, कुत्राही संपला.

टेरियरचे मात्र तसे झाले नाही. त्याचे काम एक असले तरी प्रदेश अनेक होते आणि प्रदेशागणिक त्याचे रूप बदलत गेले. स्कॉटलंडच्या खडकाळ डोंगरांत कपारीतून शिरणारे आखूड पायांचे केर्न, स्काय, स्कॉटिश आणि वेस्ट हायलंड टेरियर तयार झाले. इंग्लंड, वेल्स व आयर्लंडच्या शेतांतून घोड्यांबरोबर धावू शकणारे लांब पायांचे फॉक्स, वेल्श, आयरिश टेरियर आले. एअर नदीच्या खोऱ्यातला एअरडेल आकाराने एवढा मोठा झाला, की बिळात शिरणे त्याला अशक्यच. जॉन रसेल (१७९५–१८८३) हा धर्मोपदेशक शिकारीचा षौकी. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना १८१९ साली त्याने एका गवळ्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली, आणि जॅक रसेल टेरियरचा वंश तिच्यापासून सांगितला जातो.

शहरातील टेरियरचा इतिहास अधिक कठोर आहे. बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून झुंजीचे कुत्रे निर्माण केले गेले. १८२३ साली लंडनच्या एका आखाड्यात बिली नावाच्या अशाच कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारले आणि त्यावर पैजा लागल्या. १८३५ च्या कायद्याने बैल व अस्वले यांच्यावर कुत्री सोडण्याचे खेळ बंद पाडले. पण उंदरांच्या आखाड्यांवर त्यानंतरही कित्येक वर्षे गर्दी होत राहिली. हेन्री मेह्यूने लंडनच्या गरिबांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात जॅक ब्लॅक या उंदीर पकडणाऱ्याची मुलाखत आहे. तो स्वतःला राणीचा मूषकहर्ता म्हणवून घेई आणि आपल्या टेरियरविषयी अभिमानाने बोले.

मग या कामकरी कुत्र्याला प्रतिष्ठित नाव कसे मिळाले? साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे अशी घटना येथे घडते. वॉल्टर स्कॉटची 'गाय मॅनरिंग' ही कादंबरी १८१५ साली प्रसिद्ध झाली. तीत डँडी डिनमाँट नावाचा एक सरहद्दीवरचा शेतकरी आहे. त्याच्याकडे सहा टेरियर आहेत, आणि त्या सर्वांना तो 'पेपर' व 'मस्टर्ड' या दोनच नावांनी, थोरला, तरणा, धाकटा असे भेद करून हाक मारतो. मिरी आणि मोहरी ही त्यांच्या रंगांवरून दिलेली नावे. कादंबरी गाजली. वाचकांना तसे कुत्रे हवेसे झाले, आणि डँडी डिनमाँट टेरियर हे नाव रूढ झाले. कादंबरीतील पात्रावरून नाव मिळालेली कुत्र्याची जात दुसरी सहसा दाखवता येत नाही. १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७५ साली सेलकर्क येथे या कादंबरीजन्य टेरियरचाही क्लब निघाला. कान किती दुमडलेला असावा, पाठ किती कमानदार असावी, हे आता कागदावर उतरले. पूर्वी जो बिळात उतरे तो टेरियर. आता ज्याच्या आजोबांची नावे नोंदवहीत आहेत तो टेरियर. काम मागे पडले, वंश पुढे आला. कुत्र्यांच्या ज्या जाती आपण 'मूळच्या' म्हणून ओळखतो, त्यांतील पुष्कळशा या व्हिक्टोरियन नोंदवहीपेक्षा जुन्या नाहीत.

अशाच एका टेरियरची कथा आम्हांला भिवंडीपर्यंत आणते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील हातमागाचे विणकर कामाच्या शोधात यॉर्कशरच्या गिरण्यांकडे उतरले. सोबत त्यांनी आपली लहान चणीची टेरियर कुत्री आणली. गिरणीत उंदीर मारणे हे त्यांचे काम. स्थानिक कुत्र्यांशी त्यांचे संकर झाले आणि रेशमासारख्या लांब केसांचा एक चिमुकला कुत्रा घडत गेला. त्याचे केस मागावरच विणलेले आहेत, असा विनोद तेव्हा केला जाई. १८६५ साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा त्याचा मूळपुरुष मानतात. १८७० च्या सुमारास त्याला यॉर्कशर टेरियर हे नाव मिळाले. पुढे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांनी त्याला असे जवळ केले, की केनेल क्लबच्या वर्गवारीत तो टेरियरांच्या गटात नाही. तो शोभेच्या, छोट्या कुत्र्यांच्या गटात आहे. आज मुंबई-ठाण्याच्या सदनिकांतून केसांना फीत बांधलेला हा कुत्रा दिसतो. गिरणी कामगाराचे हे कुत्रे आहे, हे त्याच्या मालकाला ठाऊक असतेच असे नाही.

आता शेलार. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागून नदीनाका ओलांडला की हे गाव लागते. भिवंडीही स्थलांतरित विणकरांनीच घडवली. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमिन विणकर येथे आले, हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, आणि मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर कापडाचे बरेच काम मुंबईबाहेरच्या यंत्रमागांकडे सरकले. शेलारमध्येही यंत्रमागांची खटखट आणि रंगाईचे कारखाने आहेत. तालुक्यात सर्वत्र गोदामे आहेत. जिथे खळ लावलेले सूत आणि ताग्यांच्या थप्प्या, तिथे उंदीर आलाच. आणि प्रत्येक कारखान्याच्या दारात एक कुत्राही असतो. पिवळट किंवा तांबूस अंगाचा, उभ्या कानांचा, शेपटीचा आकडा केलेला. रात्रपाळीच्या कामगाराने टाकलेल्या पोळीच्या तुकड्यावर तो राहतो, अनोळखी पावलाला भुंकतो, उंदीर-घुशीच्या मागे लागतो. लीड्स-हडर्सफील्डच्या कुत्र्याने जे केले तेच तो करतो. विणकर तिथेही परगावचे, येथेही परगावचे. मग तिकडच्या कुत्र्याला नाव, वंश आणि इतिहास मिळाला, इकडच्याला यांपैकी काहीच नाही, असे का व्हावे?

गुणांचा फरक हे याचे उत्तर नव्हे. आपल्याकडील गावकुत्रा हा वंशनोंदीच्या जातींपेक्षा कितीतरी जुन्या, हवामानाने व वस्तीने घडवलेल्या समूहाचा प्रतिनिधी आहे. कुत्र्याला आपल्या परंपरेत स्थान नाही, असेही नाही. ऋग्वेदात सरमा आहे. युधिष्ठिराच्या महाप्रस्थानात शेवटपर्यंत सोबत राहतो तो कुत्राच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि त्यांना चार वेदांचे प्रतीक मानतात. खंडोबाचा वाघ्या तर स्वतःला देवाचा कुत्रा समजून भुंकतो आणि कोटंब्यातून खातो. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. पण यांतील एकाही कुत्र्याची जात आपल्याला सांगता येत नाही. ती विचारावी असे कोणाला वाटलेच नाही. आपण कुत्र्याला अर्थ दिला, वर्णन दिले नाही.

वर्णन कधी मिळते, हे मुधोळच्या उदाहरणावरून दिसते. दख्खनच्या उघड्या माळावरचा ससा बीळ करून राहत नाही, तो धावतो. म्हणून येथे जमिनीत उतरणाऱ्या कुत्र्यापेक्षा वाऱ्यासारखा पळणारा, नजरेने शिकार टिपणारा कारवानी कुत्रा मोलाचा ठरला. व्यापारी तांड्यांबरोबर तो आला, असे त्याच्या नावावरून सांगतात. लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. या कुत्र्याला लौकिक मिळाला तो मुधोळ संस्थानचे मालोजीराजे घोरपडे यांनी त्याची जोपासना केल्यावर. त्यांनी एक जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली, असे सांगितले जाते. (घोरपडे हे आडनावही एका प्राण्याच्या कामगिरीवरूनच आल्याची आख्यायिका आहे, हा योग मोठा गमतीचा.) २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्यावर तिकीट काढले. तरीही नावाचा वाद मिटलेला नाही. एक राष्ट्रीय संस्था त्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवते, दुसरी मुधोळ हाउंड म्हणून. एका नावात रस्त्यावरचे तांडे आहेत, दुसऱ्यात राजाची गादी. स्कॉटच्या कादंबरीने टेरियरसाठी जे केले, ते येथे एका संस्थानिकाने केले. शेलारच्या कुत्र्याला कादंबरीकारही मिळाला नाही आणि राजाही नाही.

त्याला मिळाला तो 'गावठी' हा शब्द. या शब्दाची चाल मोठी विचित्र आहे. गावठी अंडे बाजारात चढ्या भावाने जाते, गावठी कोंबडीची चव वाखाणली जाते. गावठी कुत्रा मात्र फुकटही कोणाला नको असतो. शासकीय व्यवहारात तो 'भटका' होतो. वस्तुतः तो भटकत नाही. एका गल्लीत, एका दाराशी आयुष्य काढतो. २०२३ च्या प्राणी-जन्मनियंत्रण नियमांनी अशा प्राण्यांना 'समुदायाचे प्राणी' म्हटले. गावठी, भटका, समुदायाचा. तीन शब्द झाले. पण तो काय काम करतो, हे त्यांतील एकही शब्द सांगत नाही. टेरियर हा शब्द नेमके तेवढेच सांगत होता.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारी हुकुमाने कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. म्हणजे त्या कुत्र्याला एक मान्य काम होते, आणि म्हणून त्याला कैवारी होते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटके कुत्रे हटवण्याचा आदेश दिला. कुत्रा चावल्याने होणारा रेबीज जीवघेणा आहे आणि त्याची झळ प्रथम गरिबांच्या मुलांना पोहोचते. त्यामुळे या प्रश्नाची भीषणता नाकारण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला दिसते ते एवढेच, की या साऱ्या वादात कुत्र्याचा उल्लेख केवळ संख्येने होतो. किती चावले, किती पकडले, किती सोडले. ज्याचे वर्णन कधी लिहिले गेले नाही, त्याची अखेर मोजदाद तेवढी उरते.

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. कुत्र्यांचे काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. पण कायसने साडेचारशे वर्षांपूर्वी विचारलेला साधा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना विचारता येईल. तुमच्या गल्लीतला कुत्रा कसा दिसतो, कुठे झोपतो, कोणाला भुंकतो आणि दिवसभर काय करतो? शेलारच्या मागवाल्याला याचे उत्तर पक्के ठाऊक आहे. ते अजून मराठीत कोणी उतरवून घेतलेले नाही.