अश्मरीची ओळख : उपमेपासून गुणोत्तरापर्यंत

वैद्यकाच्या इतिहासात मूत्राश्मरी, म्हणजेच बोलीतील मुतखडा, या व्याधीचे स्थान काहीसे वेगळे आहे. ज्वर किंवा कास यांचा पुरावा लक्षणांपुरता असतो. अश्मरीचा पुरावा हाती घेता येतो, धुऊन जपून ठेवता येतो. मात्र तो हाती येतो तो शरीराबाहेर पडल्यावर वा काढल्यावर, आणि उपचाराचा निर्णय तर त्याआधीच घ्यावा लागतो. खडा कशाचा आहे हे तो काढण्यापूर्वी कसे कळावे, हा प्रश्न त्यामुळे जुना आहे. त्याची उत्तरे ज्या भाषांतून दिली गेली त्यांचा क्रम पाहिला, तर उपमा, द्रव्यनाम आणि संख्या असे तीन टप्पे दिसतात. संगणकीय छेदप्रतिमा, म्हणजे सीटी स्कॅन, ही या क्रमातील अलीकडची पायरी होय.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीला स्वतंत्र अध्याय आहे. कफज, पित्तज, वातज आणि शुक्रज असे तिचे चार प्रकार तेथे मानले आहेत. कफज अश्मरी पांढरी, स्निग्ध, मोठी, कोंबडीच्या अंड्यासारखी वा मोहाच्या फुलाच्या वर्णाची; पित्तज तांबूस, पिवळसर वा काळी, बिब्ब्याच्या बीसारखी; वातज सावळी, कठीण, खरखरीत आणि कदंबाच्या फुलासारखी काटेरी. नव्या घड्यात भरलेल्या स्वच्छ पाण्यातही कालांतराने गाळ साचतो, तशी अश्मरी उपजते, असा दृष्टान्तही तेथे आहे. या उपमा अलंकार म्हणून आलेल्या नाहीत. रासायनिक पृथक्करण उपलब्ध नसलेल्या काळात त्या वर्गीकरणाचे साधन होत्या. चिकित्सास्थानातील विवेचन अधिक गंभीर आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, म्हणून वैद्याने अधिपतीची अनुमती घेऊनच शस्त्र हाती धरावे, असे तेथे सांगितले आहे. अश्मरीच्या ज्ञानाचा संबंध आरंभापासून या संशयाशी आहे.

युरोपात द्रव्यनामांचा टप्पा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. कार्ल शेले यांनी 1776 मध्ये मूत्राशयातील खड्यातून एक आम्ल वेगळे केले. प्रथम ‘अश्म-आम्ल’ या अर्थाच्या नावाने ओळखले गेलेले हे द्रव्य पुढे युरिक आम्ल म्हणून रूढ झाले. सर्व खडे याच एका द्रव्याचे असतात, ही समजूत विल्यम वोलास्टन यांच्या 1797 च्या निबंधाने मोडली. तुतीच्या फळासारख्या गाठाळ, गडद खड्याला तोवर ‘तुती-खडा’ म्हणत. त्यात चुना आणि ऑक्झॅलिक आम्ल असल्याचे त्यांनी दाखवले. 1810 मध्ये त्यांनी आणखी एका खड्याला मूत्राशयवाचक ग्रीक शब्दावरून नाव दिले. त्याचेच पुढे ‘सिस्टीन’ झाले. हे खडे प्रायः मूत्रपिंडात तयार होत असले तरी नाव मूत्राशयाचेच राहिले. नामकरणाचा इतिहास वस्तूच्या स्वरूपाइतकाच ती प्रथम कोठे सापडली याचाही असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कदंब आणि तुती या दोन उपमांचे साम्य तौलनिक अभ्यासकाला मोह पाडणारे आहे. दोन भिन्न परंपरांनी खरखरीत खड्यासाठी आपापल्या परिसरातील एकेक वनस्पती निवडली. तथापि उपमेच्या साम्यावरून वातज अश्मरी म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, असे समीकरण मांडणे सयुक्तिक नाही. कदंबाची उपमा दोषविचाराच्या चौकटीत उभी आहे आणि तिचा संबंध वेदनेच्या प्रकाराशी व रुग्णाच्या प्रकृतीशी जोडलेला आहे. तुतीची उपमा मात्र रसायनशास्त्राने तिचा अर्थ लावला तेव्हा मागे पडली आणि तिच्या जागी द्रव्यनाम आले. एकीकडे उपमा सिद्धान्ताचा भाग झाली, तर दुसरीकडे ती सिद्धान्तापूर्वीची खूण ठरली.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतही येतो. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथाचे चित्रकार हेन्री व्हॅनडाइक कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक होते. तेथील संग्रहालयातील खड्यांचा त्यांनी अभ्यास केला, आणि खड्यांची सूक्ष्मरचना व निर्मिती यांवरील त्यांचा ग्रंथ 1873 मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली खड्याचे थर दिसू लागले, त्याच्या घडणीचा क्रम वाचता येऊ लागला. पण हे वाचनही बाहेर काढलेल्या खड्याचेच होते.

1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोचे जॉन मॅकिंटायर यांनी मूत्रपिंडातील खड्याचे छायाचित्र मिळवले. खडा आता शरीरात असतानाच दिसू लागला, परंतु कशाचा आहे हे कळेना. शिवाय शुद्ध युरिक आम्लाचा खडा साध्या क्ष-किरण चित्रात उमटत नाही. शेले यांना रसायनाने प्रथम भेटलेला खडा किरणांना मात्र अदृश्य राहिला.

ही उणीव सीटीने भरून काढली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली. 1979 चे नोबेल पारितोषिक त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत मिळाले. त्यांच्या नावाच्या मापनश्रेणीत पाणी 0 व हवा उणे 1000 मानली जाते. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून मूत्राश्मरीच्या निदानासाठी सीटीचा वापर वाढला. युरिक आम्लाचे खडे साधारणतः 500 च्या खाली, तर कॅल्शियमचे अनेक खडे 1000 च्या वर आढळतात. परंतु लहान आकार, मिश्र घटक आणि शेजारच्या ऊतींचा परिणाम यांमुळे निरनिराळ्या खड्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एका संख्येने ओळख पटत नाही.

त्यावरील उपायाचे बीज हाउन्सफील्ड यांच्याच 1973 च्या लेखात होते. एकाच छेदाच्या दोन भिन्न विद्युतदाबांवर प्रतिमा घेतल्या तर द्रव्यांतील अणुक्रमांकाचा भेद कळू शकेल, असे त्यांनी सुचवले होते. 2005-06 च्या सुमारास दोन क्ष-किरण नळ्यांची यंत्रे आली आणि ही सूचना व्यवहारात उतरली. तिचे तत्त्व सरळ आहे. युरिक आम्ल हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन या हलक्या मूलद्रव्यांचे बनलेले असल्याने 80 आणि 140 किलोव्होल्टवर त्याचे माप फारसे बदलत नाही. दोहोंचे गुणोत्तर 1 च्या जवळ राहते. कॅल्शियमचा अणुक्रमांक 20 असल्याने कमी दाबावर ते किरण कितीतरी अधिक शोषते व गुणोत्तर वाढते. गंधकयुक्त सिस्टीन या दोहोंच्या मध्ये येते. काही प्रणालींत युरिक आम्लाचा खडा तांबडा व कॅल्शियमचा निळा दाखवतात. हे रंग खड्याचे नव्हेत, गुणोत्तराचे आहेत. तरीही सुश्रुताच्या वर्णनातील वर्णभेद नव्या अर्थाने पटलावर परतला, असे म्हणता येते.

या भेदाचे महत्त्व शास्त्रीय कुतूहलापुरते नाही. युरिक आम्लाचा खडा पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने मूत्राची आम्लता कमी करून पुष्कळदा विरघळवता येतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा तसा विरघळत नाही. सिस्टीनचा खडा 1980 मध्ये म्युनिकमध्ये प्रथम वापरल्या गेलेल्या आघात-तरंगांना सहसा दाद देत नाही. म्हणजे गुणोत्तरातील फरक हा एखाद्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया आणि औषध यांतील फरक ठरू शकतो.

पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. काही मिलिमीटरांचे खडे, मिश्र रचना आणि स्थूल शरीर यांत निर्णय डळमळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे उपप्रकार वेगळे करणे कठीण जाते. किरणोत्सर्गाची मात्राही विचारात घ्यावी लागते. 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फोटॉन-गणक सीटीने सूक्ष्मता वाढवली आहे. तरीही खडा हाती आल्यावर त्याचे प्रयोगशाळेत होणारे पृथक्करण हाच अखेरचा निकष राहतो.

उपमा, द्रव्यनाम आणि गुणोत्तर यांपैकी प्रत्येकाने आधीच्या भाषेचे एखादे उत्तर बाजूला सारले, प्रश्न मात्र तोच ठेवला. शस्त्र उचलण्यापूर्वी वैद्याला काय माहीत असावे, हा तो प्रश्न होय. प्राचीन ग्रंथाने संशयाची जबाबदारी अनुमतीच्या रूपाने वाटून घेतली. द्वि-ऊर्जा सीटीने त्या संशयाचा एक भाग शस्त्रक्रियेपूर्वीच कमी केला. उरलेला भाग आजही वैद्य आणि रुग्ण यांच्यामधील संमतीवरच सोपवलेला आहे.